डेटाबेसच्या एरर लॉगमध्ये काय जावं, काय जाऊ नये? एका पुल रिक्वेस्टवर मत हवंय

दौत

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून सार्वजनिक वाचनालयांसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो. सभासद नोंदणी, वर्गणी, अनामत आणि पुस्तकांची देवघेव, एवढाच त्याचा आवाका. पायथन भाषा, तिच्यातलं जँगो फ्रेमवर्क आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. वापरणारी वाचनालयं बहुतेक तालुक्याच्या गावांतली, 'ब' आणि 'क' वर्गातली. तिथे संगणकाचं बघायला वेगळा माणूस नसतो. ग्रंथपालच सगळं बघतात.

आजवर डेटाबेसमध्ये काही बिनसलं की स्क्रीनवर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच यायचं. मग आम्हाला फोन येणार, "संध्याकाळी नोंदच होत नव्हती हो", आणि तेवढ्यावरून आम्ही शोध घेत बसणार. आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या एका मुलाने आपणहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, पाठवली आहे. डेटाबेसच्या सगळ्या एरर एकाच ठिकाणी पकडायच्या. त्या कुठे लिहायच्या, कोणत्या पातळीपासून लिहायच्या, क्वेरीतली मूल्यं दाखवायची की झाकायची, हे सेटिंगमधून ठरवायचं. लिहिण्याची ठिकाणं तीन: फाइल, कन्सोल किंवा डेटाबेसमधलंच एक टेबल. टेबल अशासाठी, की ग्रंथपालांना ॲडमिनच्या पानावर बसल्या जागी एरर बघता याव्यात.

काम मन लावून केलंय. कोड वाचताना कुठे अडखळायला होत नाही, आणि सेटिंगची माहिती त्याने मराठीतही लिहून दिली आहे.

माझी काळजी एकच आहे. सभासदाचं नाव, मोबाईल नंबर, त्याने कोणतं पुस्तक नेलं, यातलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये. कोण काय वाचतं ही तर मी मोबाईल नंबरापेक्षाही खासगी गोष्ट मानते. मूल्यं झाकण्याची सोय त्याने केली आहे, डीफॉल्टही झाकलेलंच आहे. तरी माझं मन निश्चिंत होत नाहीये. अशा कोडचा रिव्ह्यू करताना तुम्ही आधी कुठे बघता?

कोष्टक

धागा आवडला. पोस्टग्रेस सांभाळणं हाच माझा रोजचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी हे बघा की तो झाकतोय नेमकं काय. क्वेरीला दिलेली मूल्यं झाकली म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पण पोस्टग्रेस एररसोबत स्वतःही बोलतो. समजा सभासदाच्या टेबलात मोबाईलवर युनिक बंधन आहे (एकच नंबर दोनदा चालत नाही) आणि ग्रंथपालांनी तोच नंबर दुसऱ्यांदा भरला. पोस्टग्रेस २३५०५ हा कोड देतो आणि 'डुप्लिकेट की' असा संदेश देतो. त्याखाली 'डीटेल' नावाची आणखी एक ओळ येते, आणि तिच्यात अमुक कॉलममध्ये अमुक मूल्य आधीच आहे असं लिहिलेलं असतं. तिथे अख्खा मोबाईल नंबर उघडा पडलेला दिसेल. ही ओळ सर्व्हरने तयार केलेली असते, त्यामुळे तुमच्या कोडने मूल्यं कितीही झाकली तरी तिला धक्का लागत नाही.

पायथनमध्ये त्या एक्सेप्शनची, म्हणजे पकडलेल्या एररची, स्ट्रिंग (मजकूर) केली की ही 'डीटेल' ओळ तिच्यासोबतच येते. त्याने जर लॉगर डॉट एक्सेप्शन वापरलं असेल, तर ट्रेसबॅकच्या (एरर कुठल्या ओळींतून आली त्या यादीच्या) शेवटी ती हमखास छापली जाणार.

करून बघा: मूल्यं झाकलेली ठेवा, एकच मोबाईल नंबर दोनदा भरा आणि फाइलमध्ये तो नंबर शोधा.

दौत

कोष्टक, करून बघितलं. सापडला. फाइलमध्ये दोन ठिकाणी, एकदा संदेशात आणि एकदा ट्रेसबॅकच्या तळाशी. वर क्वेरीत मात्र सगळीकडे फुल्या आहेत.

त्या मुलाला या धाग्याचा दुवा दिलाय. तोही येईल इथे.

पाणपोई

+१. कोष्टक यांनी मुद्द्याचं सांगितलं.

ज्यांना यात एवढं काय असं वाटत असेल त्यांच्यासाठी: मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून जास्त वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. डेटाबेस कोणी फोडला नव्हता. पासवर्ड हॅश होण्याआधीच, म्हणजे न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच, आतल्या एका लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता. आणि टेबलावर परवानग्या असतात, लॉग फाइल मात्र कोणीही सहज मेलला जोडून पाठवतो. "एरर येतेय, ही फाइल बघा" म्हणून आपणच ग्रंथपालांकडून मागवून घेतो की नाही?

नवा_गडी

नमस्कार. ती पुल रिक्वेस्ट माझी आहे. ताईंनी दुवा दिला म्हणून आलो.

'डीटेल' ओळीबद्दल खरंच माहीत नव्हतं. मग ती ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधून पुसून टाकली तर चालेल का? 'डीटेल' या शब्दापासून पुढचं सगळं कापायचं.

कोष्टक

नको. पोस्टग्रेसचे संदेश लोकलप्रमाणे (locale, म्हणजे भाषेच्या सेटिंगप्रमाणे) बदलतात. एलसी मेसेजेस ही सेटिंग वेगळी असेल तर तो शब्दच वेगळ्या भाषेत येईल आणि तुमची कात्री चालणार नाही. म्हणूनच पोस्टग्रेसचा दस्तऐवज सांगतो की प्रोग्रामने संदेशाचा मजकूर बघू नये, एरर कोड बघावा.

उलट्या बाजूने या. नको ते पुसण्यापेक्षा हवं तेवढंच उचला. बंधन मोडल्यावर येणाऱ्या जँगोच्या इंटेग्रिटी एररच्या पोटात मूळ सायकोपीजीची (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरची) एरर असते आणि तिच्यावर डायग नावाचा ऑब्जेक्ट मिळतो. त्यातून एसक्यूएलस्टेट, म्हणजे २३५०५ सारखा एरर कोड, टेबलाचं नाव आणि बंधनाचं नाव घ्या. सभासद टेबल, मोबाईलचं युनिक बंधन, २३५०५: एवढ्यावर काय झालं ते पूर्ण कळतं आणि कोणाचा नंबर होता ते कळत नाही. ट्रेसबॅकमधून फाइलचं नाव, ओळ आणि फंक्शन घ्या, शेवटची संदेशाची ओळ सोडून द्या. उद्या पोस्टग्रेसने एखादी नवी ओळ जोडली तरी ती तुमच्या लॉगमध्ये आपोआप येणार नाही.

नवा_गडी

हे पटलं. आज रात्री बदलतो.

अडकित्ता

मी पुल रिक्वेस्ट उघडून वाचली. टेबलाच्या पर्यायावर मला गंभीर आक्षेप आहे.

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (सगळे मिळून पूर्ण किंवा सगळे मिळून रद्द होणाऱ्या बदलांच्या) मध्यात एरर आली की ते ट्रान्झॅक्शन निकामी होतं. त्यानंतर त्याच कनेक्शनवर काहीही चालवायला गेलात तर २५पी०२ मिळतो: चालू ट्रान्झॅक्शन रद्द झालंय, ते संपेपर्यंत पुढचे हुकूम ऐकणार नाही. आता या कोडमध्ये देवघेवीची नोंद ॲटॉमिक ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आहे. तिथे एरर आली, हँडलर त्याच कनेक्शनवरून एरर नोंदींच्या टेबलात इन्सर्ट करायला गेला, आणि ते इन्सर्टही फसलं. त्या फसण्याचीही एरर पुन्हा त्याच हँडलरकडे. आणि सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधला परतीचा टप्पा) लावून इन्सर्ट जमवलंत तरी बाहेरचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, की लॉगची ओळही त्याच्यासोबत जाणार.

वेगळं कनेक्शन उघडता येईल. पण ज्या एररसाठी लॉग सगळ्यात जास्त लागतो त्या कोणत्या? कनेक्शन मिळत नाही, डिस्क भरली, कनेक्शनची मर्यादा संपली. ०८००६, ५३१००, ५३३००. नेमक्या त्याच वेळी टेबलात काहीही लिहिता येणार नाही.

माझं मत: टेबलाचा पर्याय पूर्ण काढा.

दौत

अडकित्ता, आक्षेप मान्य. पण ग्रंथपालांना बसल्या जागी एरर दिसावी ही गरज खरी आहे. आमच्या वाचनालयांत सर्व्हरवर लॉगिन करून फाइल उघडणारं कोणी नाही. त्याने टेबल घातलं ते याच गरजेपोटी, आणि गरज त्याने बरोबर ओळखली आहे.

अडकित्ता

गरजेबद्दल दुमत नाही. ॲडमिनच्या पानाने फाइलच्या शेवटच्या काही ओळी वाचून दाखवाव्यात. लिहिण्याची वाट साधी आणि मजबूत राहू द्या, दाखवण्याची सोय तिच्यावर बांधा. डेटाबेस बंद असेल तर ते पान उघडणार नाही, मान्य, पण फाइल तर जागेवर असेल. आपल्यापैकी कोणी फोनवर सांगून ती मागवू शकेल, आणि कोष्टक म्हणतात तशी ती स्वच्छ असेल तर पाठवायलाही हरकत नाही.

सांजपाखरू

२५पी०२ चा विषय निघालाच आहे तर एक जोडते. असे लॉग मी कामात रोज वाचते. एक खरी एरर आणि तिच्यामागे २५पी०२ ची रांग, हे चित्र नेहमीचं. कंटाळलेला माणूस शेवटची ओळ बघतो, ती इंटरनेटवर शोधतो आणि भलत्याच दिशेला जातो. कारण असतं ते पहिल्या ओळीत. म्हणून प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक द्या आणि तो लॉगच्या प्रत्येक ओळीत छापा. स्क्रीनवर जे 'काहीतरी चुकले' येतं, त्याच्याखालीही तोच क्रमांक दाखवा. ग्रंथपालांनी फोनवर तेवढा वाचून दाखवला की तुम्ही थेट त्या ओळीवर.

दुसरं, सगळ्या एररना एकच पातळी देऊ नका. जँगोचं गेट ऑर क्रिएट हे इंटेग्रिटी एरर येईल असं गृहीत धरूनच लिहिलेलं आहे. दोघांनी एकाच क्षणी तीच नोंद केली तर ती येते, तो ती पकडतो आणि पुढे जातो. डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडकून बसणं), म्हणजे ४०पी०१, पुन्हा प्रयत्न केल्यावर निभला तर ती फार तर वॉर्निंग. मात्र ४२पी०१, टेबलच नाही, ही नव्या आवृत्तीचं मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) चालवायचं राहिल्याची खूण. ती कधीही दबता कामा नये.

एसक्यूएलस्टेटची पहिली दोन अक्षरं म्हणजे एररचा वर्ग. ०८ कनेक्शन, २३ बंधनं, ४० ट्रान्झॅक्शन मागे घेणं, ४२ चुकीची क्वेरी किंवा परवानगी, ५३ साधनं संपणं. सेटिंग करायचीच तर या वर्गांवर करा. आत्ता त्याने संदेशातल्या शब्दांची यादी घेतली आहे, 'हे शब्द असतील तर लिहू नका' अशी. कोष्टक यांनी लोकलबद्दल सांगितलं तीच अडचण इथेही येणार.

नवा_गडी

शब्दांची यादी काढतो. वर्गांवरून पातळी ठरवणं आवडलं. पण ताई, यातल्या किती गोष्टी सेटिंगमध्ये द्यायच्या? मी आत्ता नऊ सेटिंग केल्या आहेत. रिव्ह्यूमध्ये कोणी जास्त झाल्या असं म्हटलं नाही, तरी मलाच शंका येतेय.

दौत

शंका रास्त आहे. आमच्या ग्रंथपालांपैकी कोणी यातली एकही सेटिंग बदलेल असं मला वाटत नाही. म्हणजे जे डीफॉल्ट असेल तेच सगळीकडे चालणार. माझ्या मते तीन पुरेत: कुठे लिहायचं, कोणत्या पातळीपासून, आणि वर्गांप्रमाणे पातळी बदलायची असल्यास तो तक्ता.

मूल्यं उघडी करण्याची सेटिंग मात्र मला नकोच आहे. डीफॉल्ट बंद असली तरी कोणीतरी एरर शोधायला म्हणून एकदा चालू करेल, काम झाल्यावर ती तशीच राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. विकासाच्या मशीनवर मूल्यं बघायचीच तर जँगोची डीबग सेटिंग चालू असताना डीबी बॅकएंड्सचा लॉगर डीबग पातळीवर सगळ्या क्वेरी दाखवतोच.

उंबरठा

दौत, ती सेटिंग काढताय ते उत्तम, कारण आत्ताच्या कोडमध्ये ती बंदच होत नाही. मी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचत होतो. एन्व्हायर्नमेंटमधून (सर्व्हरवर बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) मूल्य घेऊन त्याला थेट बूल, म्हणजे ट्रू-फॉल्स ठरवणारं फंक्शन, लावलंय. एन्व्हायर्नमेंटमधून येते ती नेहमी स्ट्रिंग, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रू ठरते. कोणी 'मूल्यं दाखवा = फॉल्स' असं स्पष्ट लिहिलं तरी बूल ट्रूच देणार. खबरदारी घेणाऱ्याचेच सभासद उघडे पडणार.

तसंच पातळीचं नाव. आत्ता स्पेलिंग चुकलं तर पहिली एरर येईपर्यंत काही कळत नाही, आणि ती आली की लॉग लिहिणारा कोडच कोसळतो. जँगोमध्ये सिस्टीम चेक लिहायची सोय आहे. सेटिंग चुकली असेल तर सॉफ्टवेअर सुरू होतानाच सांगू द्या, कोणती आणि का. आणि चालू असताना लॉग लिहिणं फसलं, तर देवघेव अडता कामा नये. काउंटरवर माणूस पुस्तक घेऊन उभा असतो.

पाणपोई

फाइलचंही बघा. रोटेटिंग फाइल हँडलर (फाइल मोठी झाली की नवी सुरू करणारा) वापरलाय आणि गनिकॉर्नचे, म्हणजे जँगो चालवणाऱ्या वेब सर्व्हरचे, अनेक वर्कर चालतात. एकाच फाइलमध्ये अनेक प्रोसेसनी लिहिणं पायथनच्या लॉगिंगला झेपत नाही, तसं त्याच्या दस्तऐवजातच म्हटलंय. एका वर्करने फाइल फिरवली की दुसरा जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. फिरवायचं काम लिनक्सच्या लॉगरोटेटवर सोपवा आणि वॉच्ड फाइल हँडलर घ्या. किंवा सरळ कन्सोलवर लिहा आणि सिस्टीमडीला सांभाळू द्या.

लॉग डेटाबेसच्याच पार्टिशनवर ठेवू नका. कनेक्शन तुटल्यावर दर सेकंदाला तीच एरर लिहिणाऱ्या फाइलने डिस्क भरली, तर आधी नुसतं कनेक्शन गेलेलं असतं, आता डेटाबेसही आडवा होतो. एकच एरर सतत येत असेल तर एकदा पूर्ण लिहावी, पुढच्या मिनिटभरात फक्त किती वेळा आली तो आकडा.

कोष्टक

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही, आणि ती या पुल रिक्वेस्टच्या बाहेरची आहे. तुमच्या कोडचा लॉग स्वच्छ झाला तरी पोस्टग्रेसचा स्वतःचा लॉग सर्व्हरवर चालूच असतो. लॉग मिन एरर स्टेटमेंट ही सेटिंग डीफॉल्टने 'एरर'वर असते, म्हणजे जी क्वेरी फसली ती सर्व्हर पूर्ण लिहून ठेवतो. सायकोपीजी २ मूल्यं क्वेरीत भरूनच सर्व्हरकडे पाठवतं. सायकोपीजी ३ ला मूल्यं वेगळी पाठवता येतात, पण जँगो ४.२ पासून त्यासाठी सर्व्हर साइड बाइंडिंग मुद्दाम चालू करावं लागतं, नाहीतर तिथेही क्वेरीत भरलेलीच जातात. म्हणजे नाव, मोबाईल, सगळं त्या लॉगमध्ये.

लॉग एरर व्हर्बोसिटी 'टर्स' केली की 'डीटेल'ची ओळ जाते. फसलेली क्वेरी नको असेल तर लॉग मिन एरर स्टेटमेंट 'पॅनिक'वर न्या. तुमच्या लॉगमध्ये कोड, टेबल, बंधन आणि ओळखक्रमांक असताना सर्व्हरच्या लॉगमध्ये पूर्ण क्वेरी नसली तर फार अडत नाही. हे तुमच्या इन्स्टॉलेशनच्या माहितीत लिहा, कारण कोडमधून ते होणार नाही.

सांजपाखरू

कोष्टक, हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे ऑडिटमध्ये नेमका हाच प्रश्न आला होता.

थोडं कायद्याचं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस सांभाळायला सांगतात, शिवाय घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला. दुसरीकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकीकडे लॉग जपायचा, दुसरीकडे त्यातून माणसं उघडी पडू द्यायची नाहीत. दोन्ही साधायचं तर मुळातच वैयक्तिक माहिती न लिहिणं हाच सोपा रस्ता.

वेळही बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर ग्रंथपालांची संध्याकाळची साडेसहा म्हणजे लॉगमधले दुपारचे एक. प्रत्येक ओळीत वेळेसोबत +०५:३० किंवा +००:०० लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. इतक्या बारकाईने कोणी माझा कोड पहिल्यांदाच वाचला.

काल रात्री बसून एररमधून फक्त कोड, टेबल आणि बंधन उचलणारा भाग लिहिला. त्यासोबत एक चाचणीही: खोटा मोबाईल नंबर दोनदा भरायचा, असर्ट लॉग्जने लॉग पकडायचा आणि त्यात तो नंबर कुठेही नाही हे तपासायचं. नाव आणि पुस्तकाचा क्रमांक यांच्यासाठीही तशीच. जुन्या कोडवर चालवली तर तिन्ही चाचण्या फसतात, नव्यावर पास होतात.

एक प्रश्न. डायगमध्ये टेबलाचं नाव कधीकधी रिकामं येतंय. कनेक्शन तुटल्यावर तर डायगमध्ये काहीच नसतं.

कोष्टक

बरोबर आहे ते. टेबल आणि बंधनाची नावं मुख्यतः २३ वर्गातल्या एररसोबत येतात, सगळ्यांसोबत नाही. आणि कनेक्शनच नसेल तर सर्व्हरकडून काही आलेलंच नसतं, कोडही रिकामा असतो. तिथे फक्त एक्सेप्शनच्या क्लासचं नाव लिहा. संदेश लिहायचा मोह होईल, पण नको. कनेक्शनच्या संदेशात होस्ट, पोर्ट आणि डेटाबेस युजरचं नाव येऊ शकतं.

चाचणी छान आहे. जुन्या कोडवर ती फसते हे तू आपणहून तपासलंस, ते विशेष आवडलं.

दौत

मग असं ठरवते. सध्याची पुल रिक्वेस्ट आहे तशी मर्ज करत नाही, तिचे तीन तुकडे करू. पहिल्यात फक्त एरर पकडणं, हवं तेवढंच उचलणं आणि या चाचण्या, लिहिणं कन्सोलवर. ही आधी घेऊ, कारण एवढ्यानेच वाचनालयांचं अर्धं काम होईल. दुसऱ्यात ओळखक्रमांक, तीन सेटिंग आणि त्यांची सिस्टीम चेक. तिसऱ्यात ॲडमिनचं पान. तोवर कन्सोलऐवजी फाइल घ्यायची का तेही ठरवू, कारण पानाला वाचायला काहीतरी लागेल. एकाच एररची गर्दी रोखण्याचं तिथेच बघू. टेबलाचा पर्याय रद्द. पोस्टग्रेसच्या सेटिंगचं पान कोष्टक यांनी लिहून दिलं तर फार बरं होईल.

तुझं नाव तिन्ही कमिटवर राहील. मूळ मराठी माहितीचा मजकूरही ठेवतोय, फक्त नऊच्या तीन सेटिंग झाल्यात तेवढा बदल कर.

कोष्टक

देतो लिहून. कोणकोणत्या आवृत्त्या चालतात तुमच्याकडे? पोस्टग्रेस १३ पासून एररसोबत पॅरामीटर किती लांबीचे लिहायचे याची वेगळी सेटिंग आहे, डीफॉल्ट शून्य. त्याआधीची आवृत्ती कुठे असेल तर त्या पानावर तसं वेगळं लिहावं लागेल.

दौत

बहुतेक ठिकाणी १४ आणि १६. एका वाचनालयात अजून ११ आहे, तिथे आधी अपग्रेडच करून घेते. पान १३ आणि पुढचं धरून लिहा.

नवा_गडी

ताई, पहिला तुकडा वेगळ्या ब्रँचवर टाकलाय. रिव्ह्यूसाठी तुम्हाला, अडकित्ता यांना आणि उंबरठा यांना जोडलंय.